अर्ध्यापर्यंत आटवलेलं पाणी

माझ्या सासऱ्यांना दोन गोष्टींचा एवढा अभिमान होता की रेल्वेतली सगळी नोकरी त्यापुढे फिकी पडायची. एक, अंगणातली विहीर. दुसरी, घरामागची संडासाची टाकी. विहीर कधी आटली नाही आणि टाकी कधी भरली नाही. पाहुण्याला चहाच्या आधी विहिरीचं पाणी मिळायचं आणि चहानंतर टाकीची गोष्ट. "एकतीस वर्षं झाली," ते सांगायचे, "उपशाची गाडी एकदा बी या दारात आली नाई." माझं लग्न ठरवायला वडील आले तेव्हा वर्षं कमी होती, पण त्यांनाही ती ऐकावी लागली. मी आजही सांगते, वडिलांनी स्थळ पक्कं केलं ते मुलाकडे बघून नाही, टाकीकडे बघून.

सासऱ्यांना आम्ही मूळची विदर्भातली माणसं मामाजी म्हणतो. मामाजींनी तरुणपणी नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात येऊन बीरगांवच्या रस्त्याला, तेव्हा माळच होता म्हणे, जमीन घेतली, स्वतः उभं राहून विहीर खणून घेतली आणि स्वतः उभं राहून टाकी बांधून घेतली. विहिरीचं पाणी गोड लागलं. तेवढ्यावर थांबतील ते मामाजी कसले. त्यांनी कुंपणाच्या भिंतीतून एक नळ बाहेर काढला, पाऱ्यासाठी. पारा म्हणजे इथला मोहल्ला. सकाळी मोटर लावली की भिंतीपलीकडे बादल्यांची रांग लागायची. निगमचा, म्हणजे महापालिकेचा, नळ आला तेव्हा साऱ्या गल्लीनं फॉर्म भरले. मामाजींनी भरला नाही. नळाच्या पाण्याला ते "दवाखान्याचं पाणी" म्हणत. समोरच्या घरच्या दीदी नळाचं पाणी धुण्याभांड्याला वापरायच्या आणि पिण्याचं आमच्या भिंतीतून न्यायच्या.

आता माझ्याविषयी. मी रसायनशास्त्र शिकलेली आहे आणि थोडं वाढवून बोलते. थोडंच. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तेलीबांध्याच्या तळ्यात ऑटोएवढा मासा पाहिल्याचं मी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात घरात सांगितलं होतं. मामाजींनी पेपर खाली न ठेवता विचारलं, "सवारीचा का मालाचा?" तेव्हापासून घरात नियमच झाला. माझी नणंद, जी मराठी सगळं समजते पण बोलते हिंदीत, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची, "भाभी का आधा करके सुनना." मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अर्धं करूनही माझ्या गोष्टी पुरेशा मोठ्या राहायच्या.

नवरा नोकरीनं कोरब्याला, शनिवार-रविवार घरी. मी कॉलेजात एका प्रकल्पावर लागले. आमच्या सरांना शोधायचं होतं की आमच्या बाजूच्या वस्तीत पावसाचं किती पाणी जमिनीत मुरतं आणि घरोघरच्या टाक्यांतून नायट्रेट किती उतरतं. काम ऐकायला भारी, करायला सोपं. ज्येष्ठात विहिरीत टेप सोडायची, पाणी किती खोल ते लिहायचं. कार्तिकात परत सोडायची. मधल्या पावसानं पाणी जितकं वर आलं तितकं जमिनीनं पिऊन ठेवलं. सगळी उंची मात्र पाण्याची नसते. मुरूम आणि त्याखालची भेगाळ चुनखडी, यांच्या शंभर तांब्यांत पाण्याला जागा मिळते दोन-चार तांब्यांचीच. तेवढा हिस्सा धरायचा. एका विहिरीत टेप पाण्याला लागेपर्यंत मी एक अर्धा स्वेटर विणला होता, आणि ती पाऱ्यातली उथळ विहीर होती.

मग दुसरा हिशेब माणसांचा. माणूस खातो-पितो आणि वर्षाला काही किलो नायट्रोजन टाकीत सोडतो. टाकीतून तो मातीत जातो, मातीत त्याचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेटला कोणी अडवत नाही. ते पाण्याबरोबर जातं. साबणाचा वास अडतो, घाण अडते, हे मात्र सरळ विहिरीत. रंग नाही, वास नाही, चव नाही. पावसाचं पाणी जास्त मुरलं तर पातळ होतं, कमी मुरलं तर घट्ट. आणि आमच्या पाऱ्यानं तर अंगणं, गल्ल्या, झाडांचे बुंधे, सगळं सिमेंटनं लिंपून टाकलं होतं. पाणी मुरायला जागा राहिली होती ती फक्त कुत्री झोपायची तिथं.

घरटी माणसं मोजायला गेले तर माणसं सापडेनात. रेशनवाली समजून एका घरानं अकरा सांगितली, त्यांत एक बकरी होती. टॅक्सवाली समजून दुसऱ्यानं सांगितलं, आम्ही नवरा-बायको दोघंच, आणि दाराशी चौदा चपला. तेव्हापासून मी माणसं विचारणं सोडलं. दोरीवरचे टॉवेल मोजायचे.

आणि तिसरा प्रश्न होता, टाकी शेवटची कधी उपसली? इथं पाऱ्यानं मला जे सुख दिलं ते विसरता येत नाही. प्रत्येकाची छाती फुगायची. "कभी नहीं." "बीस साल." एक आजोबा तर खाटेवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, त्यांच्या वडिलांनी बांधली, त्यांना तिचं झाकण कुठं आहे तेही ठाऊक नाही. मी कागदावर खूण करायची. लोकांना वाटायचं, बक्षिसाची खूण आहे. गल्लीत बातमी गेली की मॅडम न भरणाऱ्या टाकीला नंबर देऊन राहिल्या. ज्यांनी मागच्या वर्षी गाडी बोलावली होती ते बिचारे दारातच पुटपुटायचे.

त्या खुणेचा अर्थ होता, तळ नाही. टाकी भरत नाही कारण ती टाकीच नाही, चार भिंतींचा खड्डा आहे. सगळं खाली जातं.

"आपल्या घराले खूण केली का?" मामाजींनी एका संध्याकाळी विचारलं.

"आपलं राहिलंय, मामाजी. शेवटी करते."

"शेवटी काहून? पहिले आपलं पाह्यजे होतं. एकतीस वर्षं लिहिजो."

मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. पाऱ्यातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी मी बाटलीत भरून कॉलेजात नेलं, आमची सोडून. मी मोठमोठ्या गोष्टी सांगते, पण स्वतःला ऐकवायची वेळ आली की मलाही बारीकसारीक सबबीच सुचतात. रोज काहीतरी निघायचं. बाटली फुटली, मोटर बिघडली, पाहुणे आले.

खरे पाहुणे आलेही. नणंद बाळंतपणाला माहेरी आली आणि घरात मुलगी झाली. दोन महिन्यांत त्या पोट्टीनं घराची सगळी घड्याळं आपल्या पोटाला लावून घेतली. नणंदेचं दूध पुरेना, डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलं. डबा आला आणि मामाजी कामाला लागले.

पहाटे उठायचे, विहिरीचं पाणी गाळून पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घ्यायचे आणि शेगडीसमोर स्टूल टाकून बसायचे. एक बांबूची काडी होती, तिच्यावर चाकूनं दोन खाचा. एक खाच गंज भरलेला असतानाची, दुसरी त्याच्या अर्ध्यावर. लहान लेकराचं पाणी अर्ध्यापर्यंत आटवायचं, त्यांच्या आईनं आठ लेकरांचं तसं केलं होतं. आठही जगली. मामाजी दर थोड्या वेळानं काडी बुडवायचे, चष्मा वर करून ओली रेघ बघायचे, परत स्टुलावर. पाणी दुसऱ्या खाचेला आलं की उतरवायचं. स्वयंपाकघरात कोणाला मोठ्यानं बोलू द्यायचे नाहीत. स्टेशनमास्तरकी केलेला माणूस, गाडी सुटेपर्यंत फलाट सोडायचा नाही.

मी ते दोन महिने रोज पाहिलं. चहा पीत, शेजारी उभी राहून पाहिलं. हे लिहिताना मला ऑटोएवढा मासा सांगावासा वाटतो, पण खरं असं आहे की रसायनशास्त्रातली मी, मला त्यात काही दिसलं नाही. म्हातारा नातीसाठी पाणी आटवतोय, एवढंच दिसलं.

मग सरांनी नकाशा मागितला. वस्तीतली घरं चौकोनांनी दाखवायची आणि विहिरीत नायट्रेट जितकं जास्त तितका रंग गडद. मी नेऊन दिला. सरांनी चष्मा काढून बघितला. सगळा पारा पिवळा, भगवा, लाल. मधोमध एक पांढरा चौकोन.

"यहाँ क्या है?" सरांनी विचारलं.

"हमारा घर है, सर."

त्यांनी नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी बाटली भरली. मशीनवर आकडा आला अठ्ठ्याऐंशी. मी परत केलं. मग बाटली बदलून, काचेची भांडी धुऊन, तिसऱ्यांदा केलं. अठ्ठ्याऐंशी. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको असं मानक आहे. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. डब्याच्या दुधावरच्या लहान बाळाला होतं. त्याच्या रक्ताला हवा वाहून नेता येईनाशी होते, ओठ-नखं निळी पडतात.

आकडा कागदावर लिहून होईपर्यंत मला गंज आठवला नव्हता. मग आठवला. उकळताना पाणी उडतं. नायट्रेट उडत नाही. ते गंजातच राहतं. पाणी अर्धं झालं की ते दुप्पट.

मी स्कूटर घेऊन निघाले. सदर बाजाराच्या गर्दीतून त्या दिवशी मी जशी गेले तशी आजवर ॲम्ब्युलन्सही गेलेली नाही. त्यातलं अर्धं करा हवं तर.

घरी पोट्टी पाळण्यात झोपली होती. मी पाळण्यात वाकून आधी तिचे ओठ पाहिले, मग नखं, एकेक करून वीस. गुलाबी. मग तिथंच सांगून टाकलं, मामाजींना आणि नणंदेला, एका दमात. विहीर, अठ्ठ्याऐंशी, टाकीला तळ नाही, पंचेचाळीसच्या वर नको.

नणंद म्हणाली, "भाभी, मज़ाक मत करो."

"मजाक नाही."

मामाजी हसले. त्यांचं हसणं चांगलं होतं, त्यात मुळीच खोट नव्हती. "अठ्ठ्याऐंशी म्हणून राहिली ना तू? तुझं अर्धं करा लागते. अर्धं केलं तर चव्वेचाळीस. म्हणजे पास."

इतका चोख हिशेब माझ्याविरुद्ध कोणी मांडला नव्हता. आणि मी इतकी वर्षं मजेमजेत बोलले त्याचं काय झालं ते मला त्या क्षणी कळलं. घरात एक खरी गोष्ट सांगायची होती आणि तिला उभं राहायला जागा नव्हती. मी रडले असते तर नणंदेला तेही नाटक वाटलं असतं.

मी म्हटलं, "मामाजी, माझं नका ऐकू. मीठ द्या."

गंजात विहिरीचं पाणी घेतलं, पहिल्या खाचेपर्यंत. त्यात अर्धा चमचा मीठ ढवळलं. एक वाटी बाजूला काढून ठेवली, थोडं पाणी घालून खाच परत भरली. असं केल्यानं मापात किंचित फरक पडला, पण मी तेवढ्या बारकाव्यात शिरले नाही, आणि मामाजी पकडतील असं वाटलं होतं ते त्यांनीही सोडून दिलं. गंज शेगडीवर ठेवला. मामाजी सवयीनं स्टुलावर बसले. काडी त्यांनीच बुडवली. पाळण्यातून मधूनच बारीक आवाज यायचा आणि तिघंही तिकडे बघायचो. दुसऱ्या खाचेला त्यांनीच गंज उतरवला.

थोडं निवल्यावर मी दोन वाट्या पुढे केल्या. "चाखून पाहा. ही आधीची. ही आटवलेली."

त्यांनी पहिली चाखली. दुसरी चाखली. परत पहिली, परत दुसरी. दुसऱ्या वाटीला तोंड कसनुसं झालं.

"हे खारं आहे," ते म्हणाले.

"मीठ तेवढंच आहे. पाणी गेलं."

"आणि तुझं ते बी असंच?"

"ते बी असंच, मामाजी. फक्त चव नाही त्याला."

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे दोन महिने मीच..." मी त्यांच्या स्टुलाशेजारी खाली बसले. नणंदेनं पोट्टीला उचललं आणि त्यांच्या मांडीत दिलं. झोपेतच तिनं त्यांचं बोट धरलं.

त्याच दुपारी डॉक्टरांकडे नेलं. इथं निळं बाळ रंगवायला मला फार सोपं आहे, पण नाही. डॉक्टरांनी ओठ, नखं, छाती सगळं तपासलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून बघितलं आणि म्हणाले, बच्ची ठीक है, पानी आज से बदल दो. मामाजींनी त्यांच्याकडून तेच वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. तिथून निघताना नणंद रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पूर्ण रडली, अर्धं नाही.

प्रश्न होता संध्याकाळच्या बाटलीचा. मी म्हटलं, "जार मागवू."

मामाजी म्हणाले, "जारचं पाणी कोणाच्या बोरिंगचं, तुले माहीत आहे? मोजलं तू?"

"नाही."

"मग? निगमच्या नळाचं मोजलं?"

"मोजलं. समोरच्या दीदीकडचं. चार."

"चार म्हणजे चारच? का तुझं..."

"चारच, मामाजी."

ते उठले. गंज घासला, राखेनं, आतून-बाहेरून. टोपी घातली. मी म्हटलं, मी आणते. त्यांनी नुसता हात वर केला, हिरव्या झेंड्यासारखा नाही, लाल.

आमच्या दारापासून दीदींचं दार दहा पावलं. मामाजींना ती दहा पावलं चालायला जितका वेळ लागला तितक्यात बीरगांवहून तेलीबांध्याला जाऊन येता आलं असतं. इतक्या वर्षांत त्या गल्लीत त्यांनी कोणाकडे पाणी मागितलं नव्हतं. रिकामं भांडं घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं कसं राहायचं हेही त्यांना नीट येत नव्हतं. गंज आधी पाठीमागे धरला, मग पुढे घेतला, मग काखेत. मी आमच्या फाटकाशी थांबले.

दीदी बाहेर आल्या. "का होगे, बबा?"

"पानी चाहिए था," मामाजी म्हणाले. "नलवाला. बच्ची के लिए."

दीदींना वाटलं आमची मोटर बिघडली. "हव, लाव न. पानी के का बात हे." पाण्याचं काय एवढं, म्हणत त्यांनी गंज घेतला, नळाखाली धरला. नळाची धार बारीक. गंज भरायला वेळ लागत होता आणि मामाजींना तेवढ्यात आणखी एक गोष्ट बोलायची होती, जी मागण्यापेक्षा अवघड होती.

"तुम्हारी बहू को कौन सा महीना चल रहा है?" त्यांनी विचारलं.

"सातवाँ."

"उसको मेरे नल का पानी मत देना. बच्चा होगा तो बच्चे को तो बिल्कुल नहीं. उबाल के भी नहीं." मग थांबून, "मेरी टंकी का सब कुएँ में उतर रहा है. मेरी बहू ने जाँचा है. सच बोल रही है."

मला वाटलं, आता दीदी रागावतील. इतकी वर्षं त्या भिंतीतून पाणी नेलं होतं. त्या म्हणाल्या, "त अब रोज मोर घर ले ले जाबे, बबा." आता रोज त्यांच्याच घरून न्यायचं. आणि गंज दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हातात दिला.

परत येताना मामाजी पाणी सांडू नये म्हणून इतके हळू चालले की मागून येणारा एक स्कूटरवाला हॉर्न न वाजवता थांबून राहिला.

त्यांनी गंज शेगडीवर ठेवला. काडी घेतली नाही. ती खिडकीतून परसात टाकली.

"किती आटवू?" त्यांनी विचारलं.

"आटवायचं नाही. झाकण ठेवायचं. एक उकळी आली की बंद."

"एकच?"

"एकच."

ते स्टुलावर बसले नाहीत, उभे राहिले. हात शेगडीच्या खटक्यावर. झाकण खडखडायला लागलं तसा त्यांनी खटका फिरवला. कडेनं वाफेची एक रेघ निघत होती. त्यांनी धोतराचा सोगा हाताला गुंडाळला आणि पाणी निवेपर्यंत झाकण दाबून धरून तसेच उभे राहिले.